पाकळीचा ल

आमच्या घरमालकांना कुठलीही गोष्ट नुसती ऐकून घेतलेली चालत नसे. रायपुरात नोकरी लागली आणि चौबे कॉलोनीतली त्यांची वरची खोली बघायला मी गेले, तेव्हा पाण्याची मोटर केव्हा लावायची, गेटची कडी कशी उचलून सरकवायची, जिन्यातली कुठली पायरी हलते, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मी समंजसपणे मान डोलावली.

"मान नको हालवू," ते म्हणाले. "परत सांग."

मी परत सांगितलं. कडीपाशी अडखळले, तर त्यांनी पुन्हा मोटरीपासून सुरुवात केली. अकोल्याहून इंजिनिअर होऊन आलेली मी भाड्याच्या खोलीसाठी तोंडी परीक्षा देत होते. संताप आला होता. पण खोली चांगली होती, खिडकीशी पेरूचं झाड होतं, आणि खालून रोज कुणीतरी आपल्या बोलीत बोलणार होतं. मी परीक्षा पास झाले आणि सामान घेऊन आले.

काका जन्मभर रेल्वेत स्टेशन मास्तर होते, तेही अशा लहान लहान स्टेशनांवर, जिथे प्रवाशांपेक्षा बकऱ्या जास्त. शेजारच्या स्टेशनवरून फोन यायचा, अमुक गाडी सोडू का. यांनी तो निरोप शब्दाला शब्द परत म्हणायचा, पलीकडच्याने 'बरोबर' म्हणायचं, मगच गाडी हलायची. "ऐकलं म्हणजे पोचलं असं नसते," ते मला सांगत. "समोरचा परत बोलला, तवा पोचलं." नोकरी संपली तरी सवय संपली नाही. उद्या अर्धा लिटर जास्त आण म्हटलं, की दूधवाला भैया सायकलवर टांग टाकता टाकता ओरडायचा, "कल आधा लीटर जादा, बाबूजी!" भाजीवाली दीदी तर त्यांनी काही मागायच्या आतच कालचं वाक्य म्हणून मोकळी व्हायची. एकदा कुणाचा तरी चुकून फोन आला आणि त्याने यांनाच शिव्या घातल्या. काका शांतपणे म्हणाले, "एक बार फिर से बोलिए." आणि त्या गृहस्थाने, का कोण जाणे, सगळ्या शिव्या त्याच क्रमाने परत दिल्या.

मी शंकर नगरच्या ऑफिसात जायला निघाले की व्हरांड्यातून आवाज यायचा.

"केव्हा येशीन?"

"सात वाजता, काका."

"परत सांग."

"सात वाजता!"

सुरुवातीचे कित्येक महिने मला याचा नुसता वैताग होता. आता मी पुण्यात असते. सकाळी फ्लॅटला कुलूप लावून निघते आणि केव्हा येशील हे विचारणारं कुणी नसतं. मला त्या प्रश्नाची इतकी सवय झाली होती हे तो प्रश्न बंद झाल्यावर कळलं.

रविवारी सकाळी त्यांच्या व्हरांड्यात मराठीचा वर्ग भरायचा. खरं तर तो काकूंचा वर्ग. काकू दर्यापूरकडच्या, लग्न होऊन रायपूरला आल्या. इथल्या मराठी घरांतली मुलं मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात, हे बघून त्यांनी एका रविवारी सतरंजी अंथरली, ती वर्षानुवर्षं अंथरलेलीच राहिली. मी राहायला गेले त्याच्या थोडं आधी त्यांना पक्षाघात झाला होता. उजवा हात गेला, वाचा गेली. मुलगी, म्हणजे ताई, नागपूरला असते, ती त्यांना घेऊन गेली. मी काकूंना प्रत्यक्ष कधीच भेटले नाही. त्यांची ओळख मला त्यांच्या नवऱ्याकडून झाली.

वर्ग आता काका चालवत होते. कसा चालवतात ते बघायला मी रविवारी चहाचा कप घेऊन मुद्दाम जिन्यात बसत असे.

"काका, भूख लगी है."

"परत सांग."

पोट्टा जरा विचार करायचा. "भूक लागून राहिली."

"पोचलं," असं म्हणून काका त्याच्या हातावर शेंगदाण्याची चिक्की ठेवायचे. हिंदीत बोलल्याबद्दल ते कुणाला रागावत नसत. त्यांच्या लेखी तो निरोप पोचलेलाच नसायचा, एवढंच.

गंमत म्हणजे खुद्द काकांना मराठी लिहायची धास्ती होती. जन्म रायपूरचा, शाळा हिंदी, मराठी घरात बोलण्यापुरती. त्यामुळे अक्षरं सगळी हिंदी वळणाची, त्यात ल तर पक्का हिंदी शाळेतला, उजवीकडे उभी दांडी असलेला. आपला मराठी ल दोन पाकळ्यांचा. फळ्यावर ल लिहायची वेळ आली की काका खडू वर्गातल्या एखाद्या मोठ्या मुलीच्या हातात देऊन टाकायचे. "तू लिही बाई. माह्या हाताले दांडीची सवय आहे. काकूले कळलं तं माही नोकरी जाईन."

या दांडीची हकिकत स्वयंपाकघरातल्या एका डब्यावर होती. लग्नाआधी क्वार्टरमध्ये एकटे राहत असताना काकांनी सगळ्या पत्र्याच्या डब्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटने नावं घातली होती. नवी नवरी आली, तिने 'लाल तिखट' वाचलं आणि हसत सुटली. "हा कोनता ल जी?" मग तिने विळ्याच्या टोकाने दुसरा ल खरवडून काढला आणि ब्रश घेऊन तिथे पाकळ्यांचा ल काढला. पहिलाही खरवडायला घेतला होता. पण नवऱ्याचं तोंड बघितलं असावं, कारण ती थांबली आणि म्हणाली, "राहू द्या, एक तुमचा." तेव्हापासून त्या डब्यावरच्या 'लाल'मध्ये पहिला ल काकांचा आणि दुसरा काकूंचा. ही हकिकत काका मला तिखट मोजून देता देता सांगत, आणि दर वेळी तिखट जास्त पडे.

रोज संध्याकाळी चहाच्या वेळी ते नागपूरला फोन करत. ताई तो काकूंच्या कानाशी धरायच्या. मग काका खणखणीत आवाजात बातम्या द्यायचे. वर्गाला कोण आलं, कोण नाही, पेरूला बहर आलाय, मोटर पुन्हा बिघडली. सगळं सांगून झालं की ते थांबत. पलीकडून कुणी ते परत म्हणेल म्हणून थांबत. ज्या माणसाने उलट बोल आल्याशिवाय कधी गाडी सोडली नाही, तो त्या गप्प फोनशी कान लावून बसे, आणि जिन्यात बसून मला ती शांतता ऐकवत नसे.

एकदा फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "पोचत असन का तिले?"

"पोचत असेल, काका."

"'असन'वर गाडी सोडत नाही, पोट्टी," ते म्हणाले आणि आत गेले.

ताईंचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही. घर, नोकरी आणि आजारी आई सांभाळून त्या थकल्या होत्या. "बाबा, आईला काही कळत नाही. वर्ग बंद करा आणि इकडे या. तिथं कुणासाठी थांबून राहिले तुम्ही?" काका मधूनमधून गाडीने जाऊन काकूंपाशी दोन दिवस बसून येत, पण शनिवारी परत हजर. "तिनं वर्ग माह्या भरवशावर सोडला," ते म्हणत. "ती म्हणन बंद कर, तं करीन." ती म्हणणार कशी? बापलेकीचे आवाज चढायचे. काकांना एकच गोष्ट हवी होती. वर्ग चालू आहे हे तिच्यापर्यंत पोचावं, आणि ते पोचलं हे तिच्याकडूनच कळावं.

आता वेबसाइट. आजारी पडण्याआधी काकूंनी एका जुन्या विद्यार्थ्याकडून वर्गाची साइट करून घेतली होती. मुलांचे फोटो, वर्गाची वेळ, वर वर्गाचं नाव आणि नावाखाली बारीक अक्षरात एक ओळ. त्या जे म्हणून प्रत्येक वर्ग सुरू करत तेच वाक्य: 'चला, मराठी लिहूया.' काकांच्या मनात आलं की रविवारचे नवे फोटो तिथे टाकावे आणि साइट उघडून तिच्यासमोर धरावी. लोकांच्या साइटी करणं हेच माझं पोटापाण्याचं काम, म्हणून त्यांनी मला खाली बोलावलं. फोटो टाकून झाले. काकांनी चष्मा लावला, नाव वाचलं, खालची ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे कोनं लिहिलं? दोन्ही ल दांडीचे आहेत."

"कोणी लिहिलं नाही, काका. फॉन्टच तसा आहे. साइटला मुळातच हिंदी वळणाचा लावलेला आहे."

"तिच्या वाक्यात माहा ल?" ते म्हणाले. "तिले वाटन, हा मानूस फळ्यापाशी बसून पोट्ट्यायले दांडीचा ल शिकवून राहिला. बदल तो."

साइटच्या सेटिंगमध्ये कस्टम सीएसएसची एक चौकट असते. तिथे चार ओळी लिहिल्या की पानावरची हवी ती गोष्ट हव्या त्या रूपात दिसते. मी मराठी वळणाचा एक फॉन्ट शोधला आणि लावला. पहिल्या झटक्यात तो सगळ्या पानाला लागला आणि मेनूची अक्षरं फुगून एकमेकांवर चढली. "सगळ्यायले कायले नवे कपडे?" काका म्हणाले. "तिचं वाक्य तेवढं बदल." मग मी तो फॉन्ट फक्त त्या एका ओळीपुरता ठेवला. दोन्ही ल पाकळ्यांचे झाले. काकांनी ती ओळ माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली, अर्थातच परत एकदा वाचून घेतली, आणि नागपूरला फोन लावला.

थोड्या वेळाने ताईंचा उलट फोन आला. "बाबा, आईनं पाहिलं अन् तोंड फिरवलं. मी म्हटलं होतं ना तुम्हाला."

मी ताईंकडून पानाचा फोटो मागवला. बघते तर दोन्ही ल दांडीचे.

"पण माझ्या लॅपटॉपवर तर बरोबर दिसतंय," मी म्हणाले.

"तुह्या लॅपटॉपवर दिसून काय करू? काकू नागपूरले आहे!"

झालं होतं असं, की तो फॉन्ट मी माझ्या लॅपटॉपवर आधीच उतरवून घेतला होता, म्हणून माझ्याकडे तो सापडत होता. साइटला मी नुसतं त्याचं नाव सांगितलं होतं, फॉन्टची फाइल दिलीच नव्हती. नागपूरच्या फोनला नाव कळलं, पण फॉन्ट मिळाला नाही, म्हणून त्याने आपला हिंदी वळणाचा लावला. काकांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे तू निरोप देल्ला," ते म्हणाले, "पन त्यानं परत सांगतला का ते पाह्यलंच नाही." 

पण नवल म्हणजे काका खूश होते. व्हरांड्यात येरझारा घालत होते. "तोंड फिरवलं म्हणे! समजलं का तुले? दांडीचा ल पाहून तोंड फिरवलं तिनं!" थोडं चालून मग ते स्वतःच थांबले. "उजेडानंही फिरवलं असन," ते हळूच म्हणाले आणि खुर्चीत बसले. त्यांचा तो चेहरा मला अजून दिसतो.

दुसऱ्या दिवशी मी फॉन्टची फाइल साइटवरच चढवली आणि ती कुठून घ्यायची ते सीएसएसमध्ये लिहून दिलं. आता ती कुणाच्याही फोनवर पोचणार होती. काकांचा माझ्यावरचा विश्वास मात्र उडाला होता. ते कॉलनीत फिरले. इस्त्रीवाला, औषधाच्या दुकानातला माणूस, दूधवाला भैया, सगळ्यांना त्यांनी आपापल्या फोनवर साइट उघडायला लावली आणि चष्मा लावून प्रत्येकाचा ल तपासला. इस्त्रीवाल्याने बिचाऱ्याने विचारलंसुद्धा, "बाबूजी, इसमें देखना क्या है?"

शेवटी त्यांनी स्वतःच्या फोनवर उघडली. व्हरांड्यात नेटवर्क अगदी अशक्त असायचं.

"ये पोट्टी, खाली ये! हे पलटून राहिलं!"

मी खाली गेले. वाक्य आधी दांडीचे ल घेऊन येत होतं आणि डोळ्यासमोर पाकळ्यांचं होत होतं. मी त्यांना समजावलं, की वाचणाऱ्याला ताटकळावं लागू नये म्हणून फोन आधी स्वतःजवळचा फॉन्ट दाखवतो आणि आपला येऊन पोचला की बदलतो. नेटवर्क चांगलं असलं की हे कळतसुद्धा नाही. "एक ओळ बदलते, काका. मग आपला फॉन्ट येईपर्यंत जागा कोरी राहील, दांडीचा दिसणारच नाही." मी लॅपटॉप उघडायला लागले.

काका उठले. आत गेले, तिखटाचा डबा घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "पहिले माहा, मंग तिचा. हे बरोबर आहे."

मी ती ओळ बदलली नाही.

संध्याकाळी ताईंनी एका फोनवर साइट उघडून काकूंच्या मांडीवर ठेवली आणि दुसऱ्यावरून व्हिडिओ कॉल लावला. काकांनी मला शेजारी बसवून घेतलं. पुन्हा काही बिघडलं तर मी हाताशी असावी म्हणून. तेव्हा मी काकूंना पहिल्यांदा पाहिलं. बारीक पांढरी वेणी, एका बाजूला ओढलेलं तोंड, नजर खाली मांडीवर. काकांनी त्या दिवशी एकही बातमी सांगितली नाही. ते नुसते बघत होते.

काकूंचा डावा हात हळूहळू उचलला गेला आणि बोट फोनच्या काचेवर टेकलं. बोट हललं तसं पान वरखाली व्हायला लागलं.

"नुसतं पान सरकवून राहिली, बाबा," ताई म्हणाल्या. "थांबा, पडेल तो फोन." त्यांनी आईचा हात धरायला हात पुढे केला.

"हात नको धरू तिचा!" काका इतक्या जोरात ओरडले, की गेटपाशी कुणीतरी थांबून बघितलं.

बोट एका बाजूने वळत गेलं. थांबलं. मग दुसऱ्या बाजूने वळलं. मग वर गेलं. पान धक्के खात होतं, मधेच ती ओळ पडद्याबाहेर गेली, तरी बोट पुन्हा तेच करत राहिलं. डावा हात, सवय नसलेला, वेडावाकडा. पण एक पाकळी, दुसरी पाकळी, वर देठ. त्या गिरवत होत्या. ताईंना ते केव्हा कळलं ठाऊक नाही, पण पलीकडचं चित्र एकदम हलायला लागलं, आणि मग फोन धरणाऱ्याच्या रडण्याचा आवाज आला.

काकांनी समोरच्या टेबलावर आपलं बोट टेकवलं आणि काकूंच्या बोटाबरोबर तेही काढायला लागले. दांडीची सवय असलेल्या त्या हाताने काढलेला पाकळीचा ल मी पहिल्यांदा पाहिला. मी रडत होते. त्यांना माझं भान नव्हतं.

"पोचलं," ते म्हणाले. मग अगदी साध्या आवाजात, "ताई, मी येतो आता तिकडे. वर्गाची सोय लावतो अन् येतो."

मला वाटलं होतं की आता ते जास्तच हट्टाने वर्ग धरून बसतील. ते वर्गासाठी थांबलेच नव्हते. ते उत्तरासाठी थांबले होते, आणि ते मिळायला मी मदत केली होती, म्हणजे एका अर्थाने मीच त्यांना घालवलं. वर्ग मात्र त्यांनी बंद केला नाही. "ती लिहूया म्हणते," ते म्हणाले. "बंद कर नाही म्हणत." रायपुरातल्याच तात्यापाऱ्यात राहणाऱ्या एका मुलीच्या आईने वर्ग आपल्या घरी घेतला. फळा, सतरंजी आणि चिक्कीचा डबा रिक्षातून तिकडे गेला. साइट माझ्याकडे सोपवली. तिखटाचा डबा काकांनी स्वतःच्या पिशवीत, कपड्यांच्या मधोमध ठेवला.

निघताना गेटपाशी ते म्हणाले, "नागपूरले उतरलो की फोन करतो."

"परत सांगा," मी म्हणाले.

ते हसले. कडी उचलून सरकवली आणि म्हणाले, "नागपूरले उतरलो की फोन करतो." उतरल्यावर त्यांनी फोन केला. मी तो जिन्यात बसून घेतला, आणि ठेवल्यावर त्या रिकाम्या घरात मोठ्याने रडून घेतलं.

त्यानंतर काकू गेल्या, आणि पाठोपाठ काका. दोन्ही वेळा ताईंचा फोन आला. दुसऱ्या वेळी त्यांनी बातमी सांगितली आणि मी काहीच बोलले नाही, तर त्यांनी विचारलं, "ऐकलंस ना?" मी ते वाक्य परत म्हणून दाखवलं. ताई त्याच घरच्या, त्यांना माझं काही चुकलं असं वाटलं नाही.

साइट मी अजून सांभाळते. तात्यापाऱ्याहून नव्या मुलांचे फोटो येतात, ते टाकते. सीएसएसची ती ओळ होती तशीच आहे. पुण्यात नेटवर्क जोरात असतं, शिवाय एकदा आलेला फॉन्ट फोन साठवून ठेवतो. त्यामुळे साइट उघडली की दोन्ही ल थेट पाकळ्यांचे दिसतात, एकट्या काकूंचे. काका दिसत नाहीत.

म्हणून एखाद्या सकाळी फार आठवण आली, की मी फोनमधलं साठवलेलं सगळं पुसून टाकते आणि खाली पार्किंगमध्ये जाते, जिथे रेंज जेमतेम असते. तिथे गाड्यांच्या मधे उभी राहून साइट उघडते. पान हळूहळू येतं. चला, मराठी लिहूया. दोन्ही ल दांडीचे. ते पलटायच्या आत घाईघाईने म्हणून घेते, "सात वाजता, काका. सात वाजता."